आमदारसाहेबांचं मत

साहेब, तुम्ही आमच्यापासून लपवताय. सरपंच थेट गावाने निवडायचा, हा कायदा विधानसभेने आधी रद्द केला, नंतर परत आणला. दोन्ही वेळा तुम्ही आमदार होतात. मत कुठे दिलंत?

गल्लीत नळ आणायचा म्हणून शिरपूरकडच्या आमच्या गावात मंदाबाई सरपंचपदाला उभ्या राहणार होत्या. ऐन वेळी कायदा रद्द झाला आणि ग्रामपंचायत सदस्यांनी आपसांतच सरपंच करून टाकला. म्हणून परवा मी मंदाबाईंना घेऊन तुमच्या संपर्क कार्यालयात आलो.

"साहेबनी काय मत दिधं, इतलंच सांग भाऊ," त्या म्हणाल्या.

तुमचे पीए हसले. "अक्का, तिथे आवाजी मतदान असतं. सगळे एकदम ओरडतात. कोण काय ओरडलं, त्याची नोंद राहत नाही."

"बरं बाप्पा. मंग आमनी गल्लीमा नळ कवय येई, ते तरी सांग."

पीएंनी कपाटातून आमच्या गावाची मतदार यादी काढली. पेनाच्या खुणांनी ती भरलेली होती. मंदाबाईंच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"नळ कसा येईल अक्का? तुमच्या घरात चार मतं, आणि साहेबांना एकही नाही."



पुठ्ठ्याच्या आड मंदाबाईंनी कोणतं बटण दाबलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं, साहेब? उत्तर द्या.