आत किती?

कार्ड लावलं तरी आतल्या खोलीचं दार उघडलं नाही. वरचा तांबडा दिवा तेवढा लागला. तिने कार्ड बाहीला पुसून पुन्हा लावलं. पुन्हा तांबडाच.

"अगं अगं, कुठे निघालीस बाळ?" हेडमास्तर आपल्या टेबलावरून ओरडले. विद्यापीठाच्या या सामाईक प्रयोगशाळेचे ते प्रमुख. नियमापुढे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, म्हणून संशोधक पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते मात्र सगळ्यांनाच बाळ म्हणत. "तुझं कार्ड बाळंतपण होईपर्यंत बंद. आतल्या वाफा पोटातल्याला चालत नाहीत. विसरलीस?"

कशी विसरेल? तापाचं निमित्त सांगून आठवडाभर घरी पडून होती, तेव्हा तरी दुसरं काय होतं डोक्यात? येताना रस्ताभर तिने एकच वाक्य घोकलं होतं. चांगलं पाठ झालं होतं. आता तोंड उघडलं तर त्यातला एक शब्द सापडेना.

"सर, माझं कार्ड चालू करा."

"ऐका हिचं! नियम मीच लिहायचा आणि मीच मोडायचा होय?"

शेजारच्या टेबलावरचा लंबू हसला. "सर, आत चौघांचीच जागा. ही गेली की दोन माणसं धरावी लागतील."

त्याचा तरी काय दोष? महिन्यापूर्वी याच थट्टेवर ती स्वतः पोट धरून हसली होती.

बाहेरच्या दाराशी भिंतीवर खिळ्यांची फळी होती. येताना प्रत्येकाने आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, जाताना काढून न्यायचा. आग लागलीच, तर किती जणांना बाहेर काढायचं ते कळावं म्हणून. जितके जीव तितके बिल्ले, असं हेडमास्तर बजावून बजावून सांगत. तिने गोड बातमी दिली त्या दिवशी त्यांनी एक इवलासा बिल्ला कापला आणि स्वतःच्या हाताने तिच्या बिल्ल्याला दोऱ्याने बांधला. एरवी कधी थट्टेच्या वाटेला न जाणारा माणूस तो.

ती फळीपाशी गेली. गाठ पक्की बसली होती. नखांनी सुटेना, तेव्हा तिने दोरा दातांनी तोडला. मोठा बिल्ला पुन्हा खिळ्याला अडकवला आणि छोटा नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हा परत घ्या, सर."

लंबूने मान खाली घातली. हेडमास्तरांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बस जरा, बा..." एवढं म्हणाले आणि रोजचा तो शब्द त्यांनी अर्ध्यातच तोडला.

"नको, सर. घरी बसून जीव नकोसा झालाय. मला काम करू द्या."

त्यांनी संगणकावर काहीतरी केलं. बराच वेळ लागला, कारण कळा चुकत होत्या.

तिने कोट चढवला, हातमोजे घातले, डोळ्यांवर जाड चष्मा ओढला. या खेपेला दिवा हिरवा लागला. दार मुकाट्याने उघडलं. आत पाऊल टाकणाऱ्याला हेडमास्तर बाहेरून एक प्रश्न विचारायचेच. वर्षानुवर्षांची सवय ती, जीभ आपसूक वळली.

"आत किती?"

तिने रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली. मग तिचा हात पोटाशी गेला आणि तिथेच राहिला.

"एकटीच," ती म्हणाली.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. खुंटीवरचा कोट अंगात चढवत हेडमास्तर आत आले. एक बाही नीट सापडत नव्हती.

"एकटीने आत थांबायचं नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "नियम आहे."