गाढवावरचा जावई

मिहीरचा फोन आला तेव्हा वसंतराव जहाजाच्या डेकवर सहलीतल्या मित्राबरोबर, अभिजितबरोबर, चहा पीत होते. सकाळचे साडेसहा वाजले होते. समोर बेट दिसायला लागलं होतं. डोंगरावर पांढरी घरं होती आणि खाली छोटंसं बंदर.

"बाबा, आजी गेली," मिहीर म्हणाला. "पहाटे, झोपेतच."

आजी म्हणजे वसंतरावांच्या बायकोची, जयमालाची, आई. सात वर्षं ती त्यांच्याकडेच होती, कतारला दोह्यात, अल मुंतझा भागातल्या फ्लॅटमध्ये. या सात वर्षांत नवरा-बायको दोघं मिळून कुठेही गेले नव्हते. या वेळी तिनंच त्यांना घराबाहेर काढलं होतं. "मिहीर आहे, वरच्या मजल्यावरची सबीहा नर्स आहे. मी कुठे पळून जाते? त्या ग्रीक बेटांवर गाढवं असतात म्हणे. जावई गाढवावर बसलेला फोटो तेवढा आणा."

मिहीरनं बाकीचं सांगितलं. कागदपत्रं व्हायला उद्याची संध्याकाळ होणार होती, नाशिकला परवा न्यायचं होतं. जहाज उद्या सकाळी अथेन्सला लागणार, तिथून दुपारचं विमान. त्याआधी पोचायची काही सोय नव्हती.

"आईला तुम्ही सांगता?"

"सांगतो. पण संध्याकाळी."

अभिजितनं कप खाली ठेवला. "बरोबर केलंत. सात वर्षांत वहिनींना ही एकच सुट्टी मिळालीय, त्यातला हा शेवटचा दिवस. तो तरी धड जाऊ दे." त्यानं जाऊन आपल्या बायकोला, मधुराला, सांगितलं. तिघांचं ठरलं.

अडचण एकच होती. जयमाला रोज नाश्ता झाला की आईला फोन करायची. वसंतराव केबिनमध्ये आले तेव्हा ती आरशासमोर ओले केस पुसत होती.

"आज इथे नेटवर्क नाही म्हणे," ते म्हणाले.

"नसू दे," ती म्हणाली. "चला, यल्ला. आज तुम्हाला दमवणार आहे मी."

वसंतरावांना हायसं वाटलं.

बंदरावर उतरल्या उतरल्या जयमालानं गाढववाला शोधला.

"अहो, बसा."

"मी? या वयात?"

"गाढवाचं वय विचारलंय का कुणी? बसा."

वसंतराव बसले. गाढव जागचं हललं नाही. मग एकदम चालायला लागलं ते सरळ एका दुकानात शिरलं. टोप्यांचा स्टँड आडवा झाला. दुकानदारीण हसत बाहेर आली आणि तिनं एक टोपी वसंतरावांच्या डोक्यावर ठेवली. अभिजितनं हसून हसून भिंतीला हात टेकले. जयमालानं पाच-सहा फोटो काढले.

"पाठवा ना आईंना," मधुरा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"नेटवर्क कुठाय?" जयमालानं फोन पर्समध्ये टाकला. मधुराकडे तिचं लक्ष नव्हतं.

चढ चढून वर गेल्यावर निळ्या घुमटाचं एक छोटं चर्च लागलं.

"तुम्ही जाऊन या," जयमाला म्हणाली. "माझे पाय भरून आलेत." ती बाहेर कठड्यावर बसली.

"कालच्या बेटावर तर सगळ्यांच्या आधी आत शिरून मेणबत्ती लावली होतीत," मधुरा म्हणाली.

"काल पाय तरुण होते."

दुपारी सगळे समुद्राकाठच्या एका खानावळीत जेवले. वांग्याची भाजी बघून अभिजित म्हणाला, "आपलं भरीतच आहे. फक्त बिल युरोत येणार." शेवटी मालकानं मधात बुडवलेल्या वड्या आणल्या. जयमालानं ताटली पुढे सरकवली.

"वहिनी, काल बुफेवर तीन खाल्ल्यात."

"म्हणून आज खलास."

मग कुणीतरी वाद्य वाजवायला लागलं. मालकानं वसंतरावांना हाताला धरून उठवलं. त्यांना नाचता येत नव्हतं. त्यांचे पाय एकीकडे आणि बाकीच्यांचे दुसरीकडे पडत होते. ते मागे वळून खुर्चीकडे जायला लागले तर वाटेत जयमाला उभी.

"अहो, असं सुटायचं नाही," म्हणत तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना पुन्हा गोलात नेलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाचत होती. वसंतरावांनी चेहरा हसरा ठेवला. मधूनच ते खरंच हसत होते आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण ही इतकी हसतेय, हे लग्नानंतर किती वर्षांनी बघतोय, असंही वाटत होतं. मधुरा रुमाल घेऊन उठली आणि डोळ्यांत वाळू गेली म्हणून लांब जाऊन उभी राहिली.

पाच वाजता सगळे जहाजावर परतले. जिन्यापाशी अभिजितनं वसंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही बाहेरच आहोत. लागलं तर हाक मारा."

वसंतराव केबिनमध्ये आले. जयमाला पलंगाच्या कडेला बसून फोनवर तो गाढवाचा फोटो बघत होती.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "मजा आली ना तुम्हाला?"

"आली. जया, मला तुला एक सांगायचंय."

"आधी बसा. दमलात."

ते बसले. सकाळपासून मनात जुळवलेली वाक्यं आता आठवेनात. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "आज सकाळी मिहीरचा फोन आला होता."

"माहितीये," जयमाला म्हणाली. "मला आज लवकर जाग आली. का कोण जाणे, सहालाच आईला फोन लावला. सबीहानं उचलला, तिनंच सांगितलं. मला कळलंय हे मिहीरला बोलू नकोस म्हटलं तिला, तो लगेच तुम्हाला सांगेल. सात वर्षं थांबलात तुम्ही माझ्यासाठी. म्हटलं, एक दिवस तरी यांना मिळू दे."

तिनं फोन उपडा ठेवला.

"आता दार लावून घ्या," ती म्हणाली. "रडायचं राहिलंय."