पंच्याऐंशीला बंद

बावन्न अंश.

पंख्यापाशी उभ्या असलेल्या चौघांपैकी कोणालाही हा आकडा दिसत नव्हता. चुन्याच्या भट्टीची धूळ ओढून घेणारा हा पंखा. त्याच्या बेअरिंगवर लावलेल्या तीन तापमापकांच्या काचा धुळीने आंधळ्या केल्या होत्या, चौथा हादऱ्यांनी गळून पडला होता. तेव्हापासून बेअरिंगचा ताप थोरली बघायची. पालथा हात टेकवायचा आणि आकडे मोजायचे. दहापर्यंत टेकला तर ठीक, चारवर काढावा लागला तर ग्रीस, ‘एक’ म्हणायच्या आत काढावा लागला तर पंखा बंद. बारा वर्षं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं फिटर म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

आज तिथे एक बटण बसलं होतं. कोटाच्या बटणाएवढं, पोलादी, चहूबाजूंनी बंद. धाकटीने ते साहेबांना समजावून सांगितलं होतं : आत दोन धातूंची पट्टी आहे, पंच्याऐंशीला ती वाकते, पंख्याची वीज तुटते. काच नाही, काटा नाही, धुळीला खायला काहीच नाही.

थोरली आणि धाकटी एकाच घरातल्या जावा.

चाचणी पार पडली की थोरलीची बदली गोदामात, पोती शिवायला.

एकोणसत्तर.

थंड पाण्याचा नळ मुद्दाम बंद केला होता. बेअरिंग चढत होतं. धाकटी त्याच्याजवळ उकिडवी बसली होती, कान लावून, जणू ते तिच्याशी बोलणार होतं.

गोदामाचं थोरलीला एवढं वाटलं नसतं. दुसऱ्या कोणी पाठवलं असतं तर गेली असती. पण दोन वर्षांपूर्वी घरात आलेली ही. आली ती डिप्लोमा घेऊन, आणि लागली तीही इथेच. सासूचं पालुपद तेव्हापासूनच सुरू झालं. धाकटीने मिक्सर दुरुस्त केला. धाकटीने इस्त्री दुरुस्त केली. धाकटीच्या हाताला काय गुण आहे बाई. बारा वर्षांत थोरलीच्या हाताला गुण आहे असं त्या घरात कोणी म्हटलं नव्हतं. दोघींत सात वर्षांचं अंतर, पण साहेब धाकटीला मॅडम म्हणत आणि थोरलीला मावशी.

म्हणून सकाळी, धाकटी वायर तपासायला पॅनेलच्या खोलीत गेली तेव्हा, थोरलीने दोन स्क्रू सैल केले. हातमोज्याचा एक तुकडा कापून, चौघडी करून बटणाखाली सारला, ताप त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून. स्क्रू पुन्हा आवळले.

पंच्याऐंशी.

पंखा चालूच.

थोरलीला तेवढ्यावर बोलता आलं असतं. पण एक-दोन अंशांचा फरक म्हणून साहेबांनी सोडून दिलं असतं. आणखी थोडं चढू दे. मग पुढे व्हायचं, हात टेकवायचा आणि म्हणायचं, बंद करा, हे बटण झोपलंय. चार माणसांसमोर. घरी ते आपसूक पोचलं असतं.

एक्क्याण्णव.

फिटरने ग्रीसच्या जळक्या वासाने नाक मुरडलं. साहेबांनी विचारलं, मॅडम, अजून नाही? धाकटी म्हणाली, होईल, आता होईल. ती हलली नाही. तिचा गाल बेअरिंगपासून वीतभर.

चौऱ्याण्णव.

शाफ्टचा आवाज बदलला. फिटर दोन पावलं मागे सरला. धाकटी तिथेच.

थोरली पुढे झाली. हात टेकवला. ‘एक’ तर सोडाच, श्वासभरही टेकवेना. तरी तिने हात काढला नाही. बोलायचं ठरवलेलं वाक्य आता म्हणायची शरम वाटली. तोंड उघडं आणि आवाज नाही.

धाकटीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बटणाकडे पाहिलंच नाही. उठली आणि भिंतीवरचा लाल खटका दाबला.

“ताईंचा हात खोटं बोलत नाही,” ती म्हणाली.

त्र्याऐंशी.

पंखा थांबला. धाकटीने स्क्रू काढले. बटणाखालचा तुकडा करपला होता, तरी त्याची निळी शिवण ओळखू येत होती. तशीच शिवण थोरलीच्या कमरेला खोचलेल्या हातमोज्यांवर होती. साहेब वाकून बघायच्या आत तो तुकडा धाकटीच्या खिशात गेला.

माझीच चूक, तिने सांगितलं. बसवताना खालची जागा नीट पुसली नाही. दुपारी पुन्हा चाचणी घेऊ.

साहेब फिटरकडे वळले. चूक झाली की माणसं एकमेकांवर ढकलतात, ते म्हणाले; अशी तोंडावर कबूल करणारी किती भेटली तुम्हाला? फिटरने मान डोलावली. जाता जाता साहेब म्हणाले, मावशी, हाताला काहीतरी लावा.

एकेचाळीस.

औषधपेटीपाशी धाकटीने थोरलीचा हात आपल्या मांडीवर घेतला. मलम लावताना फुंकर घातली. दुपारचा डबा उघडता येईल ना, म्हणाली, की मी भरवू? त्या तुकड्याचं नाव काढलं नाही. थोरली वाट बघत राहिली. एक शब्द उलट आला असता तर संध्याकाळी घरी सांगायला झालं असतं.

“भांड की माझ्याशी,” थोरली म्हणाली.

“हलू नका. अजून इथे राहिलंय.”

धाकटीची बोटं हळूहळू फिरत होती. थोरली त्या हातांकडे बघत बसली. बोटं, तळवा, मनगट. कुठेही एक डाग नव्हता.