आईशेजारची जागा

"हा घे तुझा खडू," म्हणत भाच्याने उरलेला तुकडा शिलाई मशीनवर आपटला.

आत्या सदऱ्याला काजं करत बसली होती. बाई खमकी, मान वर करील तर शपथ. "घराण्याचा इतिहास शोधायला खडू लागतो होय रे? एकेकाची थेरं!"

"झिजलेली अक्षरं वाचायला लागतो. दगडावर आडवा घासला की नाव उठून दिसतं." त्याची बोटं अजून पांढरी होती. "आज आजीचं नाव वाचलं. दफनभूमीच्या मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात, गवताखाली."

सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"बाबांना आपण फाटकाजवळ पुरलं, आत्या. 'मला आईशेजारी ठेवा,' एवढंच मागितलं होतं त्यांनी. तिथली बिननावाची कबर तूच दाखवलीस, हीच आईची म्हणून. वर ऊर बडवून रडलीस!"

"भाऊ गेला, रडू नको?"

"मग त्यांच्या शेजारी आहे कोण?"

"मला काय ठाऊक? असेल कुणीतरी."

आत्याने दाताने दोरा तोडला.

"आईचं गू-मूत मी काढलं. तुझा बाप परमुलखात मजेत. मातीलासुद्धा फिरकला नाही. आणि म्हातारीच्या तोंडी शेवटपर्यंत काय, तर 'तो आला का गं?' मी समोर बसलेली, तरी 'तो आला का?' ती गेली तेव्हा म्हटलं, थांब आई. आता तरी तू माझ्या एकटीची. गवत मीच वाढू दिलं." तिने सदरा झटकला. "शेजारची जागा मोकळी आहे ना अजून?"

"आहे. एकाच बाजूला. दुसरीकडे भिंत."

"एक पुरे. मला तिथेच ठेवायचं, आत्ताच सांगून ठेवते. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

"कुणी नाही," भाचा म्हणाला. त्याने रुमाल काढून एकेक बोट सावकाश पुसलं. "निघताना दगडही पुसून आलो. आता पुन्हा काही वाचता येत नाही. जागा तुला माहीत आणि मला."

आत्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. सुई हातातच राहिली.

"असं रे काय बोलतोस?"

भाच्याने चपला पायात सरकवल्या.

"काळजी करू नकोस, आत्या. मी रडेनसुद्धा."