दोनच वळणं

चिखल झाला, खडी झाली, डांबरी रस्ता झाला. सायकल शर्यतीच्या शेवटच्या चढाला मात्र माझ्या पायांनी संप पुकारला. माउंटन बाइक गवतात टाकली आणि पाण्याच्या टेबलापाशी बसकण मारली. पाणी वाटायला माझ्याच पेशंट आजी बसल्या होत्या. महिनाभर गुडघ्याच्या व्यायामाला येतायत माझ्याकडे.

"उठा डॉक्टर, दोनच वळणं राहिली!"

उठलो. निघाली नऊ.

आज सकाळी क्लिनिकमध्ये भिंत धरत धरत त्यांच्या खाटेपाशी पोचलो. "आजी, दोन सांगून नऊ वळणं चढवलीत मला! इतकं खोटं?"

 

गुडघा वाकवता वाकवता आजी म्हणाल्या, "तुमचे ते 'आजी, शेवटचे पाच' कधी पाचावर थांबलेत, डॉक्टर?"