घरची बोलणी

“दिवा कोण विझवणार?” फोल्कर गिटार थांबवून ओरडला.

“वीज काय तुझ्या बापाची आहे?” अख्खा मांडव एका सुरात गरजला.

बापानेच पोराला असं विचारावं, याला लोक दरवेळी पोट धरून हसायचे. फोल्करने लहानपणापासून खाल्लेली बोलणी दक्षिण जर्मनीतल्या आपल्या श्वाबी बोलीत, जशीच्या तशी, ड्रमच्या ठेक्यावर बसवली होती. त्या एका गाण्याने त्याच्या बँडचं नाव झालं. पण ती बोलणी ज्याची, त्या म्हाताऱ्या बापाच्या, गॉटहिल्फच्या, तोंडून कौतुकाचा शब्द म्हणून कधी निघाला नाही.

श्वाबी मुलखात रीतच तशी. गोड बोलायचं ते पाहुण्याशी. घरच्याला ओरडलं नाही, की तेच त्याचं कौतुक. गॉटहिल्फने तेवढंही कधी केलं नाही. गाणं संपलं, की तो मंचामागे हजर. “ड्रम आहे का टिनपाट?” “हा शब्द कुठून आणलास, शहरातून? आपल्याकडे म्हणतं का असं कोणी?” पन्नाशी उलटली तरी त्या क्षणी फोल्कर शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा राहायचा.

यंदा दौऱ्यांतून सवड काढून दोन वर्षांनी बँड गावच्या जत्रेत आला होता. मध्यंतरी बहीण इर्मगार्ट फोनवर म्हणाली होती, “बाबा हल्ली ओरडत नाहीत रे कुणाला.”

“सुधारले म्हणायचे!” असं म्हणून तो हसला होता. ती पुढे काही सांगू बघत होती, पण याला घाई होती.

गाणं संपलं. इर्मगार्टचा हात धरून म्हातारा मंचामागे आला. टोपी काढून हातात धरलेली. पोरापुढे त्याने टोपी कधी काढली नव्हती.

“सुंदर गायलात,” तो म्हणाला. “फारच सुंदर.” तेही शाळेतल्या पुस्तकी जर्मनमध्ये. म्हातारा आज थट्टेच्या लहरीत आहे, असं फोल्करला वाटलं. तरी त्याने बाहीने डोळे पुसले. याच एका शब्दासाठी तो आयुष्यभर गात आला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं. तीही रडत होती. तिलाही आनंद झालाय, असंच तो समजला.

गॉटहिल्फने त्याचा हात हातात घेतला आणि आपुलकीने विचारलं, “तुमचे वडील आलेत का ऐकायला?”