आईचा मोबाईल

सिक्युरिटी टेस्टरच्या मुलाखतीला सगळे लॅपटॉप घेऊन आले होते. सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या हर्षदानं आईचा काच तडकलेला मोबाईल टेबलावर ठेवला. त्यातच तिनं संगणकावर चालणारं लिनक्स बसवलं होतं.

"फोनचं कुलूप तोडून रूट केलास ना?" देवधर साहेब हसले.

"छे! त्यात सगळं पुसलं जातं. आईचं व्हॉट्सॲप उडालं तर ती मला घरात घेणार नाही."

साहेबांनी दिलेल्या सरावाच्या सर्व्हरमधली फट तिनं वीस मिनिटांत शोधून दाखवली. बाकीच्यांचे लॅपटॉप अजून अपडेटच घेत होते. तरी साहेब हनुवटी खाजवत बसले. मोबाईलवाल्या पोरीला घ्यायचं म्हणजे कंपनीची लाजच की!

तेवढ्यात तोच मोबाईल वाजला. हर्षदानं उचलला.

"मामा, माय कारखानामा शे. आन् आयक, माले नोकरी लागनी!"

"अगं, मी कुठं हो म्हणालो?"

"मग म्हणा ना, साहेब. मामा लाईनवर आहे."